आईच्या ढावलोवर टाकलेलं गाणं

माझ्या लेकीचं लग्न ठरलं आणि तिसऱ्या दिवशी घरी दिग्दर्शक आला. आचारी त्यानंतर आठवड्याने आला, मंडपवाला त्याच्याही नंतर. लग्नात आधी कुणाला धरावं लागतं, हे त्यावरून समजून घ्या. दिग्दर्शक म्हणजे दिग्रसच्या एका फोटो स्टुडिओचा मालक. सातवीत माझाच विद्यार्थी होता. त्याचा निबंध कधी आठ ओळींपुढे गेला नाही. आता तो तीन-तीन तासांचे सिनेमे काढतो. मी खुर्ची दिली, चहा दिला. त्याने वही उघडून विचारलं, "मॅडम, स्टोरी काय ठेवायची?"

"अरे, लग्न आहे," मी म्हटलं. "मुलगी आहे, मुलगा आहे. लग्न लागतं, लोक जेवतात आणि घरी जातात."

"थे तं सगळ्यायचंच असते. आपल्याले इमोशन पाहिजे."

इमोशन आमच्याकडे पोत्याने होतं. त्याला हवं तसल्या मापाचं नव्हतं, एवढंच.

आम्ही मूळचे फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरचे. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, बाजारात वऱ्हाडी आणि शाळेत पुस्तकातली मराठी, अशा तीन जिभा घेऊन मी वाढले आणि पुढे दिग्रसला शिक्षिका झाले. आई मात्र शेवटपर्यंत तांड्यावरच राहिली. ती माझ्याशी गोरबोलीत बोलायची; तिचं बोलणं इथे वऱ्हाडीत लिहिते आहे, कारण बाजारात ती तसंच बोलायची आणि वाचणाऱ्यालाही ते कळेल.

आमच्यात नवरी सासरी निघते तेव्हा नुसती रडत नाही, रडत गाते. त्याला ढावलो म्हणतात. आईच्या गळ्यात पडून आईसाठी, भावाच्या गळ्यात पडून भावासाठी, मैत्रिणीच्या गळ्यात पडून मैत्रिणीसाठी, ज्याचा त्याचा निराळा. पाणी भरायला आता कोण जाईल, भाऊ मला न्यायला येईल की विसरेल, एवढी जड झाले होते का मी तुम्हाला, असं सगळं त्यात असतं. तक्रार असते, उणंदुणं असतं आणि शेवटी ह्या तांड्याचं भलं होवो, हेही असतं. पूर्वी नवरीला पंधरा-पंधरा दिवस बसवून हे शिकवायचे. आमच्या तांड्यावर ते काम आईचं. ती नवरीच्या मागे उभी राहायची, एक हात तिच्या पाठीवर, तोंड तिच्या कानाशी. पोरगी अडली की पुढची ओळ कानात सांगायची. अर्ध्यावर गेलं की तिचा स्वतःचाच गळा फुटायचा, आणि मग कोणती ओळ नवरीची नि कोणती आईची, काही कळायचं नाही.

पूर्ण ढावलो येणारी तांड्यावर ती एकटीच उरली होती. तिला ते माहीत होतं. त्यामुळे नातीचं लग्न ठरल्यावर तिने दागिने विचारले नाहीत, की जावई काय करतो तेही नाही. फोनवर एवढंच म्हणाली, "पोट्टीले पंधरा दिवस माह्याकडं धाड. शिकवा लागते तिले."

लेक नागपूरला औषधांच्या कंपनीत. तिला सुट्टी पंधरा दिवसांचीच होती, पण ती आधीच वाटली गेली होती. चार दिवस लग्नाआधीच्या शूटिंगला, सहा संगीताच्या तालमीला, दोन चेहऱ्याला, एक केसांना, अर्धा मेंदीला. पंधरा दिवसांतून आईच्या वाट्याला दीड दिवस आला. तो देताना मला आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं वाटलं होतं.

लग्नाआधीचं शूटिंग माझ्या भावाच्या वावरात झालं. कापूस फुटलेला होता. नवरा-नवरी हातात हात घालून कापसातून हळूहळू चालतात, नवरीचा गाऊन मागे दहा फूट, अशी कल्पना. त्या गाऊनला पऱ्हाटी अशी काही अडकली की चार जणींना मागे नुसत्या काटक्याकुटक्या काढायला ठेवावं लागलं. शेजारच्या तासात बाया कापूस वेचत होत्या. दिग्दर्शकाने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, कारण त्या फ्रेममध्ये बऱ्या दिसत नव्हत्या. कुणाच्या अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, कुणाच्या डोक्याला टॉवेल. मग त्याने गाडीतून एक बांबूची टोपली काढली आणि लेकीच्या कमरेवर ठेवली. आमच्याकडे कापूस कमरेला बांधलेल्या ओटीत वेचतात. टोपलीत वेचतात, हे मला त्या दिवशी समजलं. बायांनाही तेव्हाच समजलं असावं, कारण त्या वेचणं सोडून बघत बसल्या. आईही बांधावर होती. तिने एकदाच विचारलं, "हे येचाले आली का तुडवाले?"

संगीताची गंमत तर त्याहून मोठी. संगीत म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी पाहुण्यांनी नाचायचं, हे आमच्याकडे कुणालाच ठाऊक नव्हतं, टीव्हीने कळवलं. मालिकेत एक लग्न महिनाभर चालतं, त्यामुळे शिकायला भरपूर वेळ मिळतो. लेकीच्या मैत्रिणींनी ठरवलं की नाचाची थीम बंजारा ठेवायची. मला आनंद झाला. म्हटलं, आईच्या पेटीत तिची फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी आहे, हाताने टाके घातलेली, कवड्यांची, आरशांची, ती काढू. मैत्रिणींनी ती हातात घेऊन पाहिली आणि गोड आवाजात सांगितलं की ती जड आहे, रंग उतरलाय आणि "तसला लूक येत नाही". तसला म्हणजे सिनेमातल्यासारखा. मग यवतमाळच्या एका दुकानातून भाड्याने बंजारा ड्रेस आणले. चमकी, उघडी पाठ, आणि आरशांच्या जागी चिकटवलेला चंदेरी कागद. आमच्याच घरात, आमच्याच पोरी, आमचेच कपडे भाड्याने आणून घालत होत्या, आणि मी त्यांच्या पाठीला पिना लावून देत होते. आई पहिल्या रांगेत बसली होती, स्वतःच्या खऱ्या कांचळीत. नाच संपल्यावर तिने माझ्या कानात विचारलं, "हे कोनते लोक होत वं?"

"बंजारे," मी म्हटलं.

"कोनत्या गावचे?"

आता आई म्हणजे अगदी जुन्या काळात अडकलेली बाई होती, असं कुणी समजू नये. संध्याकाळी सातची मालिका तिने कधी चुकवली नाही. त्या घरातल्या चारही सुना, त्यांचे आजार, त्यांची कारस्थानं तिला भावकीसारखी पाठ होती. एका सुनेवर आळ आला तेव्हा दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. फक्त तिचं निरीक्षण फार होतं. "ह्या घरातले लोक दिवसभर उभेच काहून राह्यतेत? बसत काहून नाहीत कोनी?" असं ती विचारायची. आणि मालिकेत विदाई आली की मान पुढे काढून बघायची. "एवढी रडली, तं काजळ कसं नाही उतरलं?"

ते काजळच माझ्या डोक्यात बसलं होतं, हे आता कबूल करते. मालिकेतली नवरी रडते तेव्हा एका डोळ्यातून एकच थेंब येतो आणि तोही गालावर मध्यावर थांबतो. नाक लाल होत नाही. शेंबूड तर त्या घराण्यात कुणाला कधी आलेलाच नाही. मागे बासरी वाजते. ढावलोत हे काहीच नसतं. ढावलोत गळा चिरतो, ओढणी भिजते, बायका एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हंबरडा फोडतात. मुलाकडचे लोक शिकलेले, अमरावतीचे, मंगल कार्यालयातल्या लग्नांना सरावलेले. त्यांना ही रडारड कशी दिसेल, ह्याची मला काळजी होती. मी बावीस वर्षं मुलांना आपल्या मातीचा अभिमान बाळगा असं शिकवते आहे.

दीड दिवसात लेकीने काय शिकावं? ती आईसमोर मांडी घालून बसली, फोनवर ओळी लिहून घेतल्या आणि अर्ध्या तासाने म्हणाली, "नानी, एवढं लांब? शॉर्टमध्ये नाही का?" आई हसली. तिने आईचा, बापाचा आणि भावाचा, एवढाच ढावलो निवडून दिला. बाकीच्यांचं मी पाहून घेते, म्हणाली.

लग्न दिग्रसच्या कार्यालयात झालं, दुपारच्या मुहूर्तावर. निघायची वेळ झाली. दिग्दर्शकाने दारापाशी दोन दिवे लावले, एक कॅमेरा समोर, एक बाजूला, वर ड्रोन. नवरी बापाच्या गळ्यात पडली आणि आई ठरल्याप्रमाणे तिच्या मागे उभी राहिली, हात पाठीवर, तोंड कानाशी. पहिल्या दोन ओळी लेकीच्या तोंडून फुटल्याच नाहीत. मग आईने तिच्या पाठीवर थोपटलं, आणि लेकीने तोंड उघडलं.

मला वाटलं नव्हतं ती गाईल. पण गायली. फोनवर लिहून घेतलेलं सगळं विसरून गायली. काजळ हनुवटीपर्यंत आलं. कार्यालयातली भांडी घासणाऱ्या बाया हात पुसत बाहेर आल्या. मुलाकडच्या ज्या शिकलेल्या बायकांची मला भीती होती, त्यांच्यातली एक खुर्ची धरून रडत होती. आई मागून गात होती, आणि थोड्या वेळाने पुढून. आणि मी, नवरीची आई, कुठे होते? मी समोरच्या कॅमेऱ्याजवळ उभी होते. मध्ये येणाऱ्या बायकांना हाताने बाजूला सारत होते. दिग्दर्शकाने मला तसं सांगितलं नव्हतं. मीच ते काम अंगावर घेतलं होतं.

ढावलो संपला, तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, "आजी, एक डाव इकडून. लाइट सामोरून आला."

आई अजून डोळे पुसत होती. ती म्हणाली, "धाडली नं बाप्पा एकदा पोरगी. आता वापस कायले आनू?"

"मंग मॅडम, तुमी या," तो मला म्हणाला. आणि मी गेले. लेकीला धरलं, मान त्याने सांगितली तेवढी तिरपी केली आणि रडले. पहिल्या वेळी मागून एक पाहुणा आइस्क्रीमचा कप घेऊन गेला. दुसऱ्या वेळी माझा पदर लेकीच्या तोंडावर आला. तिसऱ्या वेळी जमलं. दिग्दर्शकाने अंगठा दाखवला, आणि मला बरं वाटलं.

महिन्याभराने त्याचा फोन आला. "मॅडम, आजीच्या पार्टवर ओरिजिनल आवाज ठेवू का गाणं टाकू? सगळे गाणंच टाकतेत."

मी विचार करायला वेळ घेतला असता, तर आज निदान सांगायला काही असतं. मी लगेच म्हटलं, "गाणं टाक."

सिनेमा आला तेव्हा आम्ही तो आईकडे जाऊन लावला. ती टीव्हीच्या अगदी जवळ बसली. विदाई आली. पडद्यावर आई आणि नात, हळूहळू हलणाऱ्या, आणि वर कुठल्याशा गायिकेचं माहेर सुटण्याचं गाणं, भरपूर व्हायोलिन. आईने माझ्याकडे पाहिलं. "माहा आवाज कुठी गेला?"

"गाणं टाकलंय आई. छान वाटतं तसं."

"बरं दिसते," ती म्हणाली. पुन्हा कधी तिने तो लावायला सांगितला नाही. सातची मालिका मात्र बघत राहिली.

दिवाळीनंतर ती गेली. फार आजारी नव्हती. तीन दिवस ताप, आणि चौथ्या दिवशी पहाटे भावाचा फोन. तेरवी झाल्यावर मला तिचा आवाज ऐकावासा वाटला, आणि तेव्हा लक्षात आलं की तो माझ्याकडे कुठेच नाही. आई मेसेज पाठवणारी बाई नव्हती. फोनवर बोलली ते हवेत गेलं. मी स्टुडिओत गेले. म्हटलं, मूळ शूटिंग दे, गाण्याशिवायचं. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, कार्ड खाली करा लागते नं दर लग्नाले. त्याच्यानंतर चाळीस लग्नं झाले." मग मी तांड्यावर ज्या ज्या मुलींच्या मागे उभी राहून आई गायली होती, त्यांच्या घरी गेले. सात घरी सिनेमे निघाले. सातही ठिकाणी आई दिसली, हात पाठीवर, तोंड कानाशी. आणि सातही ठिकाणी वर तेच गाणं. त्या दोन-चार वर्षांत ते गाणं नसेल तर विदाई झाली असं कुणी मानतच नव्हतं.

माघात तांड्यावरच्या एका मुलीचं लग्न निघालं. तिला ढावलो म्हणायचा होता. का, ते तिने मला सांगितलं: तिने कुठल्याशा रीलमध्ये एका नवरीला तसं गाताना पाहिलं होतं, आणि ते तिला भारी वाटलं होतं. मी हसणार होते, पण हसायचं तोंड मला उरलं नव्हतं. ती म्हणाली, "मावशी, तुमच्याकडं आजीचा व्हिडिओ हाय नं? त्याच्यावरून शिकतो."

"त्यात आवाज नाही गं," मी म्हटलं.

ती तरी घेऊन या म्हणाली. दुपारची वेळ होती. भावाच्या घरी पंधरा-वीस बायका जमल्या. दार लोटून घेतलं, सिनेमा लावला, आणि ते व्हायोलिन सुरू होताच मी टीव्हीचा आवाज बंद केला. कोपऱ्यात आईच्या शेजारची काकी बसली होती. तिचे कान जाऊन दहा वर्षं झालेली. समोरच्याच्या तोंडाकडे बघून ती सगळं समजून घेते, आणि तांड्यावरची कुठलीही भानगड तिच्यापासून लपत नाही. ती उठून पुढे आली, टीव्हीसमोर बसली आणि पडद्यावर बोट ठेवून बोलायला लागली.

सुरुवातीला मला कळलंच नाही ती काय करते आहे. ती आईचे ओठ वाचत होती. ओळ न ओळ. सूर नव्हता, कारण सूर तिला आठवत नव्हता, पण शब्द सगळे येत होते, आमच्याच बोलीतले. आईने नातीच्या कानात सांगितलेले शब्द, जे त्या दिवशी मलाही ऐकू आले नव्हते. एकीने सूर धरला. दुसरीने दुरुस्त केला. ती मुलगी वही घेऊन लिहीत होती. दिग्दर्शकाने आईचा चेहरा इतक्या जवळून घेतला होता, की ओठावरचा तीळही दिसत होता. मनातल्या मनात मी त्याला दहापैकी दहा दिले.

मग पडद्यावर आईने मान वर केली. नातीच्या खांद्यावरून सरळ समोर पाहिलं, कॅमेऱ्याकडे, आणि काहीतरी म्हणाली. ते मी पन्नासदा पाहिलं होतं. ढावलोचीच ओळ असेल, असं मी धरून चालले होते.

काकी थांबली. वळून माझ्याकडे पाहिलं. "हे गान्यातलं नोहे," ती म्हणाली. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. "हे तुले म्हनून राह्यली. 'तिथं काहून उभी हायेस? ये नं. तुह्यावालं रडनं तं माह्याकडंच राह्यलं हाय.'"

माझ्या लग्नात मी ढावलो म्हटला नव्हता. बी.एड. झालेली होते. आई मागे उभी राहून ओळी सांगत होती आणि मी तोंडाला रुमाल लावून गप्प उभी होते. शेवटी तिने दोघींचा ढावलो एकटीनेच म्हटला. त्यावर ती मला उभ्या आयुष्यात एक शब्दही बोलली नव्हती. मला वाटलं होतं, ती विसरली.

सिनेमा पुढे सरकला. आता पडद्यावर मी आले. तिसरा रिटेक. उजेड बरोबर गालावर, मान तिरपी, डोळ्यातून पाणी, आणि लेक माझ्या मिठीत. "मावशी किती छान दिसून राह्यल्या," ती मुलगी हळूच म्हणाली, आणि वही सरसावून काकीकडे बघायला लागली.

काकीने पडद्याजवळ तोंड नेलं. बराच वेळ माझ्या ओठांकडे पाहिलं. मग ती मागे सरकून बसली.

"हे काहीच म्हनून नाही राह्यली," ती म्हणाली. "पुढं सरकव."